शिडाच्या होडीत इंजिन

आपल्याकडे एक जुनी समजूत आहे, की गाडी जोरात धावायला हवी असेल तर बैल बदलावेत. समजूत खोटी नाही, पण अर्धीच आहे. बैल दांडगे आले आणि जू जुनेच राहिले तर जू मोडते. जू नवे केले तर आसावर ताण येतो. आस घट्ट केला तर चाकांच्या आऱ्या कुरकुरू लागतात. म्हणजे बैल बदलला की हळूहळू सबंध गाडीच बदलावी लागते. आज आपण बोलणार आहोत ते या साध्या गोष्टीवर. केळव्यापासून सातपाटी-मुरब्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शिडाच्या होडीत इंजिन आले, मग लहान इंजिनाच्या जागी मोठे आले, आणि त्याबरोबर होडीचे, मासळीचे आणि माणसांचे काय झाले, हा आजचा विषय.

परदेशात जुन्या मोटारींचा शौक असणारी पुष्कळ माणसे आहेत. दोन माणसांची, ठेंगणी, पळायला हलकी अशी एखादी जुनी मोटार घ्यायची, घरच्या पडवीत तिचे मूळ इंजिन उतरवायचे आणि त्या जागी दुप्पट ताकदीचे दुसरे बसवायचे, हा त्यांचा सुट्टीचा उद्योग. आपल्याला वाटेल, हे श्रीमंतांचे खेळ. त्यांच्याशी आपल्या किनाऱ्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी सख्खा आहे. एका अंगासाठी केलेले यंत्र दुसऱ्या अंगात बसवण्याची विद्या मोटारीला आणि होडीला एकच लागू पडते.

त्याचा एक बोलका पुरावा स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात सापडतो. तिथे वॉल्टर बर्गियस नावाच्या गृहस्थांनी १९०४ साली मोटारी बनवण्याचा कारखाना काढला. मोटारीचे नाव केल्विन. धंदा काही चालेना. तेव्हा १९०६ साली त्यांनी आपल्या मोटारीचे इंजिन काढून वल्ह्याच्या एका होडीत बसवून पाहिले. मोटारीत ज्याचे नाव झाले नाही त्याचे होडीत झाले. पुढे कारखान्याने मोटारींचा नाद सोडून होड्यांची इंजिने बनवायला घेतली आणि स्कॉटलंडच्या कोळ्यांच्या शिडांच्या होड्यांत ती बसू लागली. मोटार आणि मचवा यांचे नाते इतके जुने आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले. टेक्सासमधला कॅरोल शेल्बी हा शर्यतीत मोटार हाकणारा गडी. एकेकाळी कोंबड्या पाळण्याचा धंदाही त्याने करून पाहिला होता. इंग्लंडमध्ये ए. सी. नावाची कंपनी एस नावाची एक सुबक हलकी मोटार बनवीत असे. तिला दोन लिटरचे ब्रिस्टल इंजिन असे. ते इंजिन मिळणे बंद झाले. तेव्हा १९६२ साली शेल्बीने त्या इंग्रजी अंगात फोर्ड कंपनीचे आठ सिलिंडरांचे, सव्वाचार लिटरच्या आसपासचे अमेरिकन इंजिन बसवले. ती गाडी कोब्रा या नावाने जगभर गाजली. पण खरी शिकवण पुढेच आहे. १९६५ साली त्याच गाडीत सात लिटरचे इंजिन घालायचे ठरले, तेव्हा जुना सांगाडा पुरा पडेना. मुख्य नळ्या तीन इंचांच्या होत्या त्या चार इंचांच्या कराव्या लागल्या, पाट्यांच्या स्प्रिंगा जाऊन वेटोळ्यांच्या आल्या. नाव तेच राहिले, पण आतली गाडी नवीच झाली. आपल्या बैलगाडीच्या जुवाची गोष्ट ती हीच.

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू.

केळवे हे नाव घेतले की शहरातल्या माणसाला सुरूचे बन, शीतलादेवीचे देऊळ आणि पानवेलींच्या वाड्या आठवतात. इतिहासाच्या शिक्षकाला आठवतात ते इथले पोर्तुगीज कोट. दांड्याच्या खाडीच्या मुखाशी पाणकोट उभा आहे. भरतीला तो पाण्यात असतो, ओहोटीला तिथे पायी जाता येते. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. तारापूरला बाजी भिवराव कामास आले, आणि मे महिन्यात वसई पडली. हे सारे आपण मुलांना शिकवतो, आणि शिकवायलाच हवे. पण हे कोट खाडीच्या तोंडाशी का बांधले, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत मुलाने विचारला तर उत्तर एकच आहे: खाडीतून होड्या ये-जा करीत, आणि ज्याच्या हाती खाडीचे तोंड त्याच्या हाती गावाचा व्यवहार. राज्ये बदलली, कोट ढासळले, होडी मात्र राहिली. इतिहासाच्या पुस्तकात तिला जागा मिळाली नाही एवढेच.

ही होडी वाऱ्यावर जगत असे. आपल्या किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वाऱ्याचे एक वेळापत्रक असते. रात्री जमीन थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. त्याला मतलई म्हणतात. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो आणि समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो. तांडेल पहाटे मतलईवर शीड सोडून बाहेर पडे आणि दुपारच्या वाऱ्याने घरी येई. याच्या जोडीला भरती-ओहोटीचा हिशेब, उधाण आणि भांग यांचा हिशेब. ही सगळी गणिते त्याच्या डोक्यात असत. कागद नव्हता, पण पंचांग होते.

पण वारा हा कुणाचा चाकर नाही. तो पडला की वल्ही मारीत यायचे. खलाशांच्या हाताला फोड आणि टोपलीतल्या मासळीला वास, दोन्ही एकदमच येत. दूरच्या पाण्यात पापलेट आहे हे ठाऊक असूनही तिथे जाता येत नसे, कारण गेलेली होडी मासळी ताजी असेतो परतेल याची खात्री नव्हती. उरलेल्या मासळीला मीठ लावायचे, बोंबील वलांडीवर वाळत घालायचे, आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. शिडाच्या काळाची आपण कितीही गोड वर्णने केली तरी कोळ्याच्या घरातले दारिद्र्य पुष्कळसे या पडलेल्या वाऱ्यातून आलेले होते, हे विसरून चालणार नाही.

आता इंजिन कुठून आले ते पाहू. जर्मनीत रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी चालवून दाखवले. त्यात ठिणगीची भानगड नाही. हवा इतकी दाबायची की ती भलतीच तापावी, आणि त्यात तेल फवारले की ते आपोआप पेटावे. खाऱ्या दमट हवेत ठिणगीचे इंजिन रुसते. डीझेलचे सहसा रुसत नाही. तेलही त्याला स्वस्त लागते आणि चटकन पेट घेत नाही. लाकडी होडीवर, चुलीच्या शेजारी, या गोष्टीला फार मोल आहे. आपल्या महाराष्ट्रात साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यात १९३३ साली डीझेल इंजिन तयार झाले. पुण्याला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ साली निघाला. ही इंजिने आधी शेतकऱ्याच्या विहिरीवर गेली. केळवे-माहीमच्या वाड्यांत ज्या विहिरींवर रहाट फिरत त्यांच्या काठावर इंजिनांचा ठकठक आवाज येऊ लागला. वाडीतल्या माणसाने आणि किनाऱ्यावरच्या माणसाने एकाच पिढीत यंत्राशी सोयरीक केली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर १९५१ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि मासेमारीच्या होड्यांचे यांत्रिकीकरण हे तिच्यातले एक कलम झाले. कोळ्याला इंजिनासाठी कर्ज आणि काही सूट मिळू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने पॉल झीनर, पीटर गुर्टनर यांच्यासारखे नौकाशिल्पी भारतात पाठवले. त्यांच्यापुढचा प्रश्न असा: इंजिनासाठी नवीनच होडी बांधायची, की आहे त्या होडीत इंजिन बसवायचे?

याचे उत्तर किनाऱ्या-किनाऱ्यावर वेगळे निघाले. केरळात कोल्लमजवळ १९५२ च्या करारानुसार नॉर्वेच्या मदतीने एक मोठा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या होड्या म्हणजे कोरलेल्या ओंडक्यांच्या, नाहीतर फळ्या काथ्याने शिवून केलेल्या. किनाऱ्यावरच्या लाटांत त्या लवचीकपणे वाकत आणि म्हणूनच टिकत. पण इंजिनाचा हादरा बसला की तोच लवचीकपणा त्यांच्या मुळावर येई. तेव्हा तिथे शेवटी नव्या आकाराच्या होड्या बांधाव्या लागल्या. आपल्याकडे तसे झाले नाही. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची होडी सागवानी फळ्यांची. खाली सरळ, जाड पठाण, त्यावर फासळ्या, आणि फासळ्यांना खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्या. शिवाय अंगाने रुंद आणि भरदार. थोड्या फेरफाराने तिच्यात इंजिन बसू शकले. नौकाशिल्पींच्या लिखाणात होडीच्या एका घाटालाच सातपाटीचे नाव मिळाले आहे. आपल्या शेजारच्या गावाच्या सुतारांनी, कागदावर नकाशा न काढता, पिढ्यान् पिढ्या हातोटीने जे अंग घडवले ते पुढे इंजिनालाही मानवले. याचा आपण अभिमान बाळगायला हरकत नाही.

मात्र "थोड्या फेरफाराने" हा शब्द फसवा आहे. तो फेरफार म्हणजे काय, ते जरा सविस्तर पाहू. शाळेतल्या मुलांना यंत्रशास्त्राचा एक सबंध धडा त्यात सापडेल.

पहिली गोष्ट बैठकीची. शिडाच्या होडीत जोर लागतो तो डोलकाठीच्या बुडाशी. वारा शिडाला ढकलतो, शीड डोलकाठीला, आणि डोलकाठी होडीला. इंजिन आले की जोर मागच्या बाजूला आणि अगदी तळाशी जातो. त्यासाठी पठाणाला धरून दोन जाड लाकडी तुळया लांबवर टाकाव्या लागतात, म्हणजे इंजिनाचे वजन आणि हादरा दोन-चार फासळ्यांवर न पडता पुष्कळ फासळ्यांत वाटला जातो. पूर्वी होडी उलटू नये म्हणून तळात दगड भरीत. इंजिन आले आणि त्यांतले बरेच दगड बाहेर गेले.

दुसरी गोष्ट भोकाची. होडीला भोक पाडणे हे ऐकायलाच अशुभ वाटते! पण पंखा पाण्यात आणि इंजिन आत, तेव्हा मागच्या खांबातून आरपार भोक पाडून त्यातून लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, न्यावा लागतो. दांडा फिरला पाहिजे आणि पाणी आत येता कामा नये, म्हणून भोवती नळी आणि चरबीत भिजवलेल्या दोरीची पॅकिंग. पंखा फिरायला जागा हवी म्हणून मागचा भाग कापायचा, आणि मागचा भाग कापला की सुकाणही बदलायचे.

तिसरी गोष्ट सुताची. इंजिनाचा मध्य आणि दांड्याचा मध्य एका सरळ रेषेत यायला हवा. मिस्त्री मागच्या भोकातून पुढे सूत ओढून ती रेषा धरतो. केसभर चूक राहिली तर दांडा धडधडतो, खिळे सैल होतात, फटींतला कापूस निघतो, आणि होडी पाणी घेऊ लागते. यातही एक गंमत आहे. वाळूवर असताना होडीचे अंग एका प्रकारे टेकलेले असते, पाण्यात गेले की ते थोडे वेगळे बसते. म्हणून जाणता मिस्त्री होडी पाण्यात उतरवल्यावर ही जुळणी पुन्हा एकदा तपासतो.

चौथी गोष्ट थंडाव्याची. मालमोटारीला समोरून वारा लागतो, रेडिएटर असतो. होडीच्या पोटात वारा कुठला? तिथे समुद्राचेच पाणी पंपाने खेचून इंजिन थंड करायचे. पण खारे पाणी लोखंड खाते. म्हणून एक तर गोडे पाणी आत खेळवून त्याला बाहेरच्या खाऱ्या पाण्याने थंड करायचे, नाहीतर धातूच तसा वापरायचा. मालमोटारीच्या जातीची इंजिने पुढे होड्यांसाठी मुद्दाम फेरफार करून बनू लागली, त्यांत हा मोठा फेरफार.

पाचवी गोष्ट गतीची. इंजिनाला भराभर फिरणे आवडते, पंख्याला सावकाश. दोघांच्या मध्ये गती उतरवणारा आणि उलट फिरवणारा गिअर लागतो. कारण होडीला ब्रेक नसतो. थांबायचे तर पंखा उलटाच फिरवायचा.

आता सांगा, हे इंजिन बदलणे झाले की होडी बदलणे? आणि हे काम झाले कुठे? मोठ्या गोदीत नाही. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारतात, तिथेच माडाच्या सावलीत, घराच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर. सुतार जुना होता, काम नवे होते. शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्याने तरुणांना इंजिनाची निगा आणि नौकानयन शिकवणारी प्रशिक्षण केंद्रे काढली, सातपाटीचे नाव त्यांत आहे. पण केंद्रात शिकलेले आणि पाहून शिकलेले अशा दोघांच्या हातांनी हा बदल पार पडला.

इंजिनाने काय दिले? पहिले म्हणजे दिवस दिले. वारा पडला तरी होडी चालू लागली, म्हणून कामाचे दिवस वाढले. दुसरे म्हणजे अंतर दिले. जिथे शीड जाऊ धजत नव्हते तिथे दालदी जाळे पडू लागले. तिसरे म्हणजे घरी परतण्याची खात्री दिली. आकाश भरून आले की किनारा गाठता येऊ लागला. किती घरांतली कर्ती माणसे त्यामुळे वाचली असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही. इंजिनाच्या पाठोपाठ बर्फ आला, सुती जाळ्यांच्या जागी नायलॉनची जाळी आली. सातपाटीत मच्छीमारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. डीझेल, बर्फ, जाळ्याचे सामान देणे आणि मासळी विकणे ही कामे त्यांनी आपल्याकडे घेतली. एकट्या कोळ्याला इंजिन घेणे परवडले नसते, आणि घेतले तरी चालवणे परवडले नसते. यंत्र आले म्हणून सहकार आला, आणि सहकार होता म्हणून यंत्र टिकले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

मंडळी, इथवरची गोष्ट गोड आहे. पण माणसाची भूक इथे थांबत नाही. शेजाऱ्याच्या होडीत दोन सिलिंडरांचे इंजिन आहे, मग माझ्यात चार का नको? चार आहे, मग सहा का नको? कोब्रा गाडीची गोष्ट आपल्या खाडीतही घडू लागली. इथे मी शिक्षक बंधुभगिनींना फळ्यावर मांडण्यासारखे एक गणित सांगतो.

पाण्यातून जाणारी जड होडी आपल्यापुढे एक लाट उभी करते. होडीची लांबी जेवढी, तेवढीच लांब ती लाट झाली की होडी तिच्या खळग्यात अडकते. मग जोर लावला तरी वेग फारसा वाढत नाही. हा वेग काढण्याचा ठोकताळा असा: पाण्याला टेकलेली होडीची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, त्याला १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येते. लांबी ३६ फूट असेल तर वर्गमूळ ६, आणि वेग सुमारे ८ नॉट, म्हणजे तासाला साधारण १५ किलोमीटर. याच्या पुढे इंजिन कितीही मोठे घाला, ते होडी पळवण्यापेक्षा लाट उचलण्यातच तेल जाळते.

बरे, या मर्यादेच्या अलीकडे काय? तिथे दुसरा नियम आहे. लागणारी ताकद साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा, होडी ६ नॉटने चालते आणि आपल्याला ती साडेसात नॉटने हवी आहे. वेग सव्वापट. सव्वाचा घन सुमारे १.९५. म्हणजे वेग पावपट वाढवायला ताकद जवळजवळ दुप्पट हवी. आता तीस सागरी मैलांचा पल्ला घ्या. सहाच्या वेगाने पाच तास, साडेसातच्या वेगाने चार तास. एक तास वाचला. तेल मात्र दर तासाला जवळजवळ दुप्पट, आणि तास चार. म्हणजे सबंध फेरीला सुमारे दीडपटीहून थोडे जास्त. हा एक तास आपण एवढ्या तेलाने विकत घेतला.

तो तास कधी मोलाचा असतो, हे कबूल केले पाहिजे. तुफान पाठीमागे असताना तो लाखमोलाचा आहे. बाजारात पहिल्याने पोचणाऱ्याला भाव बरा मिळतो, हेही खरे. पण आपल्या खाड्यांची तोंडे गाळाने भरली आहेत. भरतीखेरीज मोठ्या होडीला आत येता येत नाही. तेव्हा पुष्कळदा असे होते, की जास्त तेल जाळून तासभर आधी आलेली होडी खाडीच्या तोंडाशी भरतीची वाट पाहत तासभर उभी राहते. मोठे इंजिन समुद्राला घाई करू शकते, चंद्राला नाही!

आणि तेलाचे पैसे कुठून येतात? जाळ्यातून. तेल जास्त म्हणून मासळी जास्त हवी, मासळी जास्त म्हणून होडी मोठी हवी, होडी मोठी म्हणून इंजिन आणखी मोठे हवे, आणि या सगळ्यासाठी कर्ज. बैलगाडीचे जू बदलण्याची गोष्ट आपण आरंभी केली. ती आता घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोचली. समुद्र मात्र पूर्वीएवढाच आहे. सगळ्यांनीच मोठी इंजिने बसवली तर कुणालाच जास्त मिळत नाही. लहान मासळी मात्र वाढण्याआधीच वर येते.

म्हणून कायद्याला मध्ये पडावे लागले. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. किनाऱ्याजवळच्या ठरावीक खोलीच्या पाण्यात यांत्रिक ट्रॉलरांना मज्जाव करण्याची आणि लहान मच्छीमाराला त्याचे पाणी राखून देण्याची तजवीज त्यात आहे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आता ही बंदी पाहा. शिडाच्या काळी पावसाळा स्वतःच बंदी घालीत असे. खवळलेल्या समुद्रात जाण्याची ताकदच नव्हती. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मगच होड्या पाण्यात जात. इंजिनाने ती ताकद दिली, तेव्हा जे काम आधी वारा करीत होता ते कायद्याला करावे लागले. माणसाची शक्ती वाढते तसा संयम बाहेरून लादावा लागतो, हा इतिहासाचा नेहमीचाच अनुभव आहे. २०२३ साली महाराष्ट्राने चांदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचे कमीत कमी आकारमान ठरवून त्याहून लहान मासळी धरण्याला मनाई केली. ज्या पापलेटासाठी सातपाटीची जाळी प्रसिद्ध, त्याला सन्मान आणि संरक्षण एकाच साली द्यावे लागले, यात सारे आले.

रस्त्यावरच्या वाहनांचेही असेच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीच्या मूळ घडणीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हीच गोष्ट स्पष्ट केली. कुणाला वाटेल, माझी गाडी, माझे इंजिन, सरकारचे काय जाते? पण रस्ता एकट्याचा नाही, आणि समुद्रही एकट्याचा नाही. ब्रेक आणि सांगाडा जुनाच ठेवून ज्याने ताकद दुप्पट केली, तो दुसऱ्याच्या जिवाशी खेळतो. समुद्रात हा धोका जरा सावकाश पुढे येतो, एवढाच फरक.

तर मग इंजिन आले हे वाईट झाले काय? असे म्हणणारा माणूस बहुधा कधी वल्ही मारीत परतलेला नसतो. इंजिन आले हे चांगलेच झाले. प्रश्न एवढाच आहे की किती पुरे, हे ठरवायचे कुणी आणि कशाच्या आधाराने. शेल्बीने गाडीचा सांगाडा पाहून ठरवले. आपल्या सुताराने फासळ्या पाहून ठरवले. या दोघांनाही एक गोष्ट ठाऊक होती: इंजिनाची ताकद इंजिनात नसते, ती सोसणाऱ्या अंगात असते. आपल्या किनाऱ्याच्या बाबतीत ते सोसणारे अंग म्हणजे नुसती होडी नव्हे. खाडी, मासळीची वीण, घरचा हिशेब आणि शेजारच्या लहान होडीवाल्याचा हक्क, हे सारे त्या अंगातच धरायला हवे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. शिडावर होडी चालवलेले तांडेल आता फार थोडे उरले आहेत, आणि होडीच्या पाठीत पहिले भोक पाडणाऱ्या मिस्त्रींची पिढी तर जवळजवळ संपली. लाकडाच्या जागी आता फायबर येत आहे. आपल्या शाळेतल्या मुलांना एका रविवारी किनाऱ्यावर पाठवा. वाऱ्यांची नावे, होडीच्या भागांची नावे, पहिले इंजिन कुणाच्या होडीत कोणत्या साली बसले, किती सिलिंडरांचे होते, कर्ज कसे फेडले, हे त्यांना विचारून वहीत उतरवून घेऊ द्या. नावांत आणि सालांत चुका होतील, दोन म्हाताऱ्यांत वादही होतील, होऊ द्यात. पाणकोटाचा इतिहास दगडांनी राखला. होडीचा इतिहास माणसांच्या तोंडी आहे, आणि तो वेळेवर उतरवला नाही तर पुढच्या मुलांच्या हाती येणार नाही. उद्या याच होड्यांत डीझेलच्या जागी आणखी कसले यंत्र बसवायचा दिवस येईल. त्या दिवशी आपल्या मुलांना निदान एवढे माहीत असावे, की मागच्या खेपेला आपल्या गावाने काय काय बदलले होते, त्यातून काय मिळाले, आणि त्याची किंमत कुणी मोजली.